होडी किती जवळ न्यायची?

"दादा, जरा उडवा की!"

गेल्या फेब्रुवारीत उजनी धरणाच्या पाण्यात शेजारच्या होडीतून हा आवाज आला. समोर गुडघाभर पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा मोठा थवा चरत होता. माना पाण्यात, पाय गाळात, आणि शेकडो चोचींचा एक बारीक चुळचुळ आवाज. होडीवाल्यानं एकदा मागं वळून बघितलं, इंजिन वाढवलं आणि होडी सरळ थव्यात घातली. थवा उठला. पंखांचा आतला लाल आणि काठाचा काळा रंग एकदम उघडला. होडीतले सगळे मोबाईल वर गेले, लेकरं ओरडली. दृश्य सुंदर होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. थवा पलीकडच्या दांड्याजवळ जाऊन उतरला, तर तिथं दुसरी होडी उभीच होती. तासाभरात तोच थवा चार वेळा उठलेला मी मोजला. चौथ्या वेळी तो उतरलाच नाही, वर वर जात दिसेनासा झाला.

मी त्या होडीवाल्याला दोष देत नाही. त्याला बोलणाऱ्या माणसालाही फार देणार नाही. सुट्टीचा दिवस काढून, घरच्या सगळ्यांना गाडीत घालून, हौसेनं आलेला माणूस तो. दोष व्यवहारात आहे. आज उजनीवर होडीवाल्याला जास्तीचा पैसा मिळतो तो पक्ष्याच्या जवळ गेल्याबद्दल. जो जवळ नेतो, त्याचा नंबर मोबाईलमध्ये साठवला जातो आणि पुढच्या वर्षी त्यालाच फोन येतो. जो लांब थांबतो, त्याला "काय राव, काही दिसलंच नाही" हे ऐकावं लागतं. हा व्यवहार मोडल्याशिवाय पक्षी टिकायचे नाहीत आणि होडीचा धंदाही टिकायचा नाही, असं माझं म्हणणं आहे. उजनीत जलपर्यटन आणण्याच्या गोष्टी आता सोलापुरात सारख्या कानावर येतात. जेट्ट्या, मोठ्या बोटी, तरंगती हॉटेलं. ते सगळं उभं राहण्याआधी, होडी पक्ष्याच्या किती जवळ न्यायची आणि ते कोणी ठरवायचं, या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं.

हा प्रश्न मला उजनीवर पडला नाही. तो पडला अंदमानात.

मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेलसाठी. आम्हीही तसेच गेलो. सोलापूरहून चेन्नईची गाडी, तिथून विमान. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, तरी रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनंच नाव आहे. जेल बघितली, कोठडीपाशी सगळ्यांचेच डोळे भरून आले. मग पुढचे दिवस बेटांसाठी होते. वंडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात बोटी जातात. हे उद्यान १९८३ सालचं, १५ बेटांचं. पण या पंधरांपैकी प्रवाशांसाठी उघडी दोनच, जॉलीबॉय आणि रेडस्किन, आणि तीही आलटून पालटून. एक उघडं असतं तेव्हा दुसरं बंद. ज्या प्रवाळांवरून वर्षातले काही महिने आपण तरंगतो, त्यांना उरलेले महिने आपल्यापासून सुट्टी मिळते. बोटीत चढण्याआधी पिशव्या तपासल्या. प्लास्टिक सगळं बाजूला काढायला लावलं. आमच्या गटातल्या एक काकू बिस्किटाच्या पुड्यावरून तपासनीसाशी वाद घालत होत्या. शेवटी पुडा फोडून बिस्किटं स्टीलच्या डब्यात भरली आणि कागद किनाऱ्यावरच राहिला. परतीच्या वाटेवर त्याच काकू दुसऱ्या एकाला सांगत होत्या, "पाणी बघितलंत का केवढं स्वच्छ? म्हणून तर नेऊ देत नाहीत." एका दिवसात झालेला हा बदल माझ्या लक्षात राहिला. नियम ठाम असला आणि त्याचं फळ डोळ्यांसमोर दिसलं, की माणूस तो चटकन आपला करतो.

पण खरी गोष्ट बाराटांगची. त्या बेटाजवळ खाडीत कांदळवनाचं एक लहानसं बेट आहे, त्याला पॅरट आयलंड म्हणतात. दिवसभर आजूबाजूच्या जंगलात पांगलेले पोपट सूर्य कलला की झोपायला तिथं येतात. तिन्हीसांजेला डोंगीत, म्हणजे लहान होडीत, बसून आम्ही गेलो. बेटापासून बऱ्याच अंतरावर होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. झाडांचे शेंडे कात्रीनं कापल्यासारखे सपाट दिसत होते. पोपटच पानं कुरतडून ते तसे करतात, असं तो म्हणाला. आधी एक जोडी आली. मग पाच-सहा. मग चारी बाजूंनी आकाशातून रेघा ओढल्यासारखे थवे उतरायला लागले आणि असा कालवा झाला, की आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात पन्नास यंत्रमाग एकदम सुरू व्हावेत. अंधार पडत गेला तसा आवाजही खाली बसत गेला. शेवटी फक्त होडीला लागणाऱ्या पाण्याचा आवाज उरला.

आमच्यातल्या एकानं मध्येच विचारलं होतं, अजून थोडं पुढं घेता येईल का, वरचे दोनशे देतो. होडीवाला म्हणाला, "इससे आगे नहीं." नोट त्यानं बघितलीसुद्धा नाही. मी नंतर त्याला विचारलं, का नाही? त्याचं उत्तर साधं होतं. आज पुढं गेलो तर उद्या दुसरा त्याच्याही पुढं जाईल, आणि एक दिवस पोपट दुसरं बेट धरतील. मग आम्ही काय दाखवायचं? शिवाय सगळ्या होड्या एकाच भाड्यानं, पाळीपाळीनं निघत होत्या. पुढं गेल्यानं त्याला उद्याचं एकही गिऱ्हाईक जास्त मिळणार नव्हतं. त्याच्या नकारातला चांगुलपणा मला मान्य आहे. पण त्या चांगुलपणाला पाय रोवायला जागा होती, ती त्या पाळीच्या पद्धतीनं दिलेली होती. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. बाराटांगला जाणारा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचे ताफे ठरावीक वेळी सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. २०१२ साली जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली, तेव्हा देशभर संताप उसळला होता. नंतर बाराटांगसाठी समुद्रमार्ग सुरू झाला. आम्ही मात्र रस्त्यानंच गेलो, कारण तो सोयीचा होता. ताफ्यातल्या प्रत्येक गाडीत एकच कुजबुज होती, "दिसले का? दिसले का?" मीही काचेला नाक लावून बसलो होतो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, आजही वाटते. बघायची हौस किती सहज हावरेपणात उतरते, आणि समोर माणूस आहे याचाही तिला कसा विसर पडतो, हे मी स्वतःत बघितलं आहे. म्हणून 'पर्यटकांनी संयम पाळावा' अशा पाटीवर माझा विश्वास नाही. संयम होडीत बसल्यावर सुचत नाही. तो होडी निघण्याआधी ठरवून ठेवावा लागतो.

आता पक्ष्याचं काय बिघडतं ते बघू. उडाला, परत बसला, एवढंच तर झालं, असं अनेक जण म्हणतात. रोहित पक्षी चोच उलटी करून, पाणी आत घेऊन, जिभेनं ते बाहेर ढकलून त्यातले बारीक जीव आणि शेवाळ गाळून खातो. एका घासात काहीच मिळत नाही, पोट भरायला तासन्‌तास मान खाली ठेवावी लागते. होडी जवळ येते तेव्हा तो लगेच उडत नाही. आधी मान वर करतो. मग चालायला लागतो. मग सगळा थवा एकमेकांना चिकटतो, आणि मग उडतो. म्हणजे उडण्याच्या कितीतरी आधी त्याचं खाणं थांबलेलं असतं. एवढं मोठं अंग पाण्यातून उचलायला त्याला पाण्यावर धावत जावं लागतं, त्यात कमावलेली ताकद खर्च होते. दिवसातून एकदा हे झालं तर तो सोसेल. रविवारी सकाळी सहापासून अकरापर्यंत वीस-पंचवीस होड्या गेल्या, तर त्याचा अर्धा दिवस उपाशी जातो. पट्टकादंब हंसांसारखे पाहुणे तर मार्चच्या सुमारास हिमालय ओलांडून परत जायचे असतात. त्या प्रवासाची शिदोरी त्यांनी इथल्या पाण्यावर आणि शेतांवरच अंगावर बांधायची असते.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. धरण उतरायला लागलं की पाण्यात बेटं उघडी पडतात. नदी सुरय, पाणभिंगरी असे पक्षी अशा उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळू-खड्यातला एक खळगा. अंडी खड्यांच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. एप्रिलमध्ये सोलापूरचं ऊन काय असतं ते मी सोलापूरकरांना सांगायला नको. पक्षी त्या उन्हात अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. फोटोसाठी चार माणसं बेटावर उतरली आणि पक्षी पाऊण तास घिरट्या घालत राहिले, तर तेवढ्या वेळात अंडी उन्हात भाजून निघतात. उतरणाऱ्यांना काही कळतही नाही. ते म्हणतात, पक्षी किती जवळून उडत होते, छान व्हिडिओ मिळाला. पक्ष्यांची अंडी-घरटी छेडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, पण आपण छेडलं हेच माहीत नसेल तर कायदा काय करणार?

बेटावरच्या जिवाची गोष्ट मुळातच वेगळी असते. त्याला पळून जायला जागा नसते. अंदमानातला नारकोंडम धनेश (हॉर्नबिल) हा पक्षी जगात फक्त नारकोंडम या एकाच बेटावर राहतो, आणि ते बेट अवघं सात चौरस किलोमीटरच्या आतलं. सोलापूर शहर त्याच्या कितीतरी पट मोठं आहे. तिथं काही बिघडलं तर त्या पक्ष्यानं जायचं कुठं? उजनीतले पक्षी उडून दुसरीकडे जाऊ शकतात, हे खरं. पण उथळ पाणी, गाळ आणि मोकळं क्षितिज एकत्र असलेलं दुसरं ठिकाण त्यांना किती सापडणार? दुष्काळी मुलखात धरणाचं उथळ पाणी हेही एक बेटच आहे.

बेटांभोवती बोटीतून प्राणी दाखवण्याची सर्वात नावाजलेली जागा म्हणजे गालापागोस. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर आत, इक्वेडोर देशाची ही बेटं. तिथली ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यान आहे. प्रवासी बोटीत शंभरावर माणसं घ्यायची नाहीत, बेटावर उतरताना सोळा जणांमागं एक प्रशिक्षित मार्गदर्शक हवाच, प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं, आणि एका बोटीनं त्याच जागी चौदा दिवसांच्या आत पुन्हा यायचं नाही. म्हणजे तत्त्व जॉलीबॉयचंच, पाळीचं. तिथले समुद्रसिंह आणि पक्षी माणसाला बघून पळत नाहीत, याचं सगळ्यांना कौतुक वाटतं. पण ते पळत नाहीत कारण लाखो वर्षं त्यांना पळायला लावणारं तिथं फारसं कोणी नव्हतं. न पळणं म्हणजे परवानगी नव्हे. मॉरिशसचा डोडो पळाला नाही, उडालाही नाही, आणि डच लोक तिथं आल्यावर शंभर वर्षांच्या आत संपला.

गालापागोसचं बोललो की आपल्याकडचे काही शहाणे लोक लगेच दुसरं टोक धरतात. दर वाढवा, गर्दी आपोआप कमी होईल. होडीचं भाडं पाच हजार करा, म्हणजे हौशे-गवसे येणार नाहीत, खरे पक्षीप्रेमीच येतील. या म्हणण्याला माझा पूर्ण विरोध आहे. पहिलं म्हणजे हे खरंही नाही. गालापागोसला परदेशी प्रवाशांसाठी १९९८ सालापासून शंभर डॉलरची फी होती. तरी प्रवासी वाढतच गेले, २०१८ साली पावणेतीन लाखांवर गेले. १ ऑगस्ट २०२४ पासून ती फी दोनशे डॉलर झाली आहे. अशा फीतून राखणीला पैसा मिळतो, ते चांगलंच. पण गर्दीला बांध घालायचा तर आकडाच बांधावा लागतो, किंमत वाढवून भागत नाही. दुसरं म्हणजे महाग तिकीट घेतलेला माणूस शांत बसतो, हा कुठला अनुभव? पाच हजार मोजणारा तर जास्तच म्हणणार, मला जवळून दाखव. उजनीवर सर्वात मोठी लेन्स घेऊन येणारे काही जणच होडीवाल्याला सर्वात पुढं ढकलतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि तिसरं, माझ्या मनातलं. उजनीच्या पाण्याखाली ज्यांची शेतं गेली, घरं गेली, देवळं गेली, त्यांच्या नातवंडांना त्याच पाण्यावरचा रोहित बघायला पाच हजार लागावेत? पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा म्हातारी माणसं हात जोडून उभी असतात. त्या माणसांचा या पाण्यावरचा हक्क कुठल्याही तिकिटापेक्षा जुना आहे. बघायला मिळणं ही श्रीमंतांची चैन झाली, तर पक्ष्याच्या बाजूनं उभं राहायला गावात एकही माणूस उरणार नाही.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्या जिल्ह्यानं हे एकदा भोगलेलं आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं. कागदावर त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात आपल्या जिल्ह्याचे आणि शेजारच्या नगर जिल्ह्याचे तालुके, गावं, शेतं, बाजारपेठा, सगळं आलं. जमीन विकायची तर अडचण, विहीर-कारखाना काढायचा तर अडचण. ज्या शेतकऱ्यानं आयुष्यात माळढोक बघितला नव्हता, त्याच्याही सातबाऱ्यावर माळढोक बसला. लोक त्या पक्ष्याच्या नावानं बोटं मोडायला लागले. पुढं क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर मनं विटून गेली होती. आणि पक्षी? माळरानं नांगरली गेली, बागायत आली, विजेच्या तारा आल्या. माळढोक आज देशातच दीडशेच्या आत उरले आहेत, त्यातले जवळपास सगळे राजस्थानात. नान्नजला आता लोक काळवीट आणि लांडगे बघायला जातात. एवढा देखणा, एवढा भारदस्त पक्षी आपल्या हातून गेला, याची हळहळ मला आयुष्यभर राहील. ज्यांच्या दारात तो राहत होता त्यांना आपण त्याचे वाटेकरी केलं नाही, त्यांच्यावर फक्त बंदी लादली.

म्हणून उजनीवर बंदी नको आणि महागाईही नको. पाळी हवी.

रिक्षा स्टँडवर नंबर असतो, तसा होड्यांना नंबर. केत्तूर असो, वाशिंबे असो, पलीकडचं भिगवण-कुंभारगाव असो, प्रत्येक काठानं आपल्या होड्यांची वही ठेवावी. आलेल्या माणसानं होडी निवडायची नाही, ज्याचा नंबर त्याची फेरी. भाडं एकच, होडीवर लिहिलेलं. दिवसाच्या फेऱ्या ठरलेल्या. रोजच्या भाड्यातला एक वाटा एकत्र जमा करून महिन्याला सगळ्यांत सारखा वाटला, तर पुढं घुसणाऱ्याला आणि मागं थांबणाऱ्याला मिळणारा पैसा बराचसा सारखा होईल. मग "पक्षी दाखवला नाही तर पैसे परत" अशी बोली कोणी लावणार नाही. कोकणात डॉल्फिनच्या मागं चार-चार बोटी कशा धावतात ते आपल्यातल्या अनेकांनी बघितलंय. त्या धावण्याचं मूळ याच बोलीत आहे.

अंतर किती, याचं उत्तर मुंबई-पुण्याच्या शासन निर्णयात मीटरमध्ये लिहून चालणार नाही. उजनीचं पाणी रोज हलतं. जानेवारीत जिथं होडी चालते, तिथं एप्रिलमध्ये गाळपेरीचं पीक उभं असतं. पक्षी त्या हलत्या काठाबरोबर सरकत जातात. मासे धरणाऱ्यांना हा काठ तळहातासारखा ठाऊक असतो. त्यांनीच आठवड्याला बांबू रोवून फडकी लावावीत, इथून पुढं इंजिन बंद, आणि त्या पलीकडच्या फडक्यापुढं होडीच नाही. वनखात्यानं त्यांना त्याचं मानधन द्यावं. पक्ष्यानं मान वर काढली की होडी थांबली पाहिजे, एवढा एक नियम लहान पोरालाही कळतो आणि होडीतला प्रत्येक जण तो तपासू शकतो. बेटांवर मार्चपासून पाऊस पडेपर्यंत कोणीही उतरायचं नाही. आठवड्यातला एक दिवस होड्या बंदच, जॉलीबॉयला मिळते तशी सुट्टी. आणि एक मधला वार जिल्ह्यातल्या शाळांसाठी, अगदी नाममात्र भाड्यात, त्याचा भार जलपर्यटनाच्या निधीतून.

सुरक्षेचंही यातच येतं. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती पर्यटनाची होडी नव्हती, रोजच्या जाण्या-येण्याची होती. पण होडीत माणसं किती, अंगात लाइफ जॅकेट आहे की नाही, वारा सुटल्यावर होडी सोडायची का, हे बघणारी नंबरची वही काठावर असती, तर ती सगळ्याच होड्यांना लागू करता आली असती.

यावर एक आक्षेप मला वारंवार ऐकायला मिळतो, आणि तो खरा आहे. तुम्ही होडीच्या दोन पावलांचा हिशेब करता, आणि तिकडं अख्खा किनारा जातो, त्याचं काय? ग्रेट निकोबार बेटावरच्या गलाथिया खाडीत लेदरबॅक हे जगातलं सर्वात मोठं समुद्री कासव अंडी घालायला येतं. ती खाडी अभयारण्य होती. जानेवारी २०२१ मध्ये तो दर्जा काढून घेतला, कारण तिथं मोठं बंदर व्हायचं आहे. त्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवलं जाणार आहे. वंडूरच्या धक्क्यावर बिस्किटाचा कागद अडवणारा देश तिथं हे करतो. आणि इथं उजनीत, पुणे-पिंपरीकडचं सांडपाणी भीमेतून येऊन साचतं, पाणी हिरवं होतं, जलपर्णी पसरते. तेच पाणी सोलापूरला काही दिवसांआड नळाला येतं. त्यापुढं एका थव्याचं उडणं किती लहान!

लहान आहेच. पण गलाथियासाठी बोलणारी माणसं कोण आहेत? ज्यांनी ते कासव, तो किनारा, ती बेटं बघितली आहेत, किंवा बघून आलेल्या कोणाकडून ऐकली आहेत. उजनीच्या हिरव्या पाण्याबद्दल सोलापुरात बसून बोलणारे पुष्कळ आहेत. पण त्या पाण्यात हात घातल्यावर बोटांना काय चिकटतं, हे होडीत बसलेल्यालाच कळतं. माझ्याबरोबर होडीत असलेल्या एका लहान मुलीनं तो हात वडिलांना दाखवून विचारलं, "पप्पा, आपण हेच पितो?" वडिलांकडं उत्तर नव्हतं. असे प्रश्न विचारणारी हजारो लेकरं मला हवी आहेत. म्हणूनच होडी बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. होडी चालली पाहिजे, भरून चालली पाहिजे, आणि ती ज्याला बघायला निघाली आहे तो थवा परत येताना तिथंच चरत असला पाहिजे.

मार्चमध्ये मी पुन्हा गेलो. ज्यांच्या होडीत बसलो ते वयानं माझ्याएवढेच, धरणग्रस्त कुटुंबातले. चिलापी मासे धरण्यात आयुष्य गेलं, अलीकडं थंडी-उन्हाळ्यात पाहुणे फिरवतात. रोहित दिसले तसं त्यांनी न सांगताच इंजिन बंद केलं आणि बांबूनं होडी हळूहळू ढकलत नेली. एका जागी बांबू गाळात रोवून थांबले. थव्यातल्या एकाही पक्ष्यानं मान वर काढली नाही. अर्धा तास आम्ही तसेच बसलो होतो. मी त्यांना नंबरची, वहीची, सारख्या वाटणीची सगळी कल्पना सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"चांगलंय सर. आमी तयार हाय," ते म्हणाले. "पण रविवारच्या फेऱ्या जास्त भरत्यात आन् मंगळवारी कुत्रंबी येत न्हाई. तवा रविवारचा पैला नंबर कुणाचा, ते आदी ठरवा. समदी भांडणं तितंच हायती."

त्यांचं बरोबर होतं. ते मी वहीत लिहून घेतलं.